पोच

गीता भवन चौकातून आत, तिसरं डायग्नोस्टिक सेंटर.
तळघरात सर्व्हर, दुसऱ्या मजल्यावर सीटी स्कॅन,
मधे निळी केबल, जिन्याच्या कठड्याला
मीच बांधलेली, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी.

तक्रार जुनी होती.
एका माणसाच्या छातीचे सहाशे बारा काप
आणि दर कापामागे मशीन अडायचं.
लिहिलंस? लिहितोय.
लिहिलंस? लिहिलं.
मग पुढचा.
अकरा मिनिटं. तेवढ्यात शालन मोघे, टेक्निशियन,
स्वेटरच्या बाहीच्या सहा ओळी विणायच्या.
"ढोबळे, हा सर्व्हर आहे की तहसिलीतला कारकून?
दर कागदाला उठून कपाटापाशी जातो."

एका रात्री मी एका फाइलीतला
एक शब्द बदलला.
सर्व्हरला म्हटलं, आधी पोच देऊन टाक,
लिही मग सवडीनं.
कानावर आलं म्हणजे झालंच की,
कपाट उघडून बघायला कोण येतंय?

सहाशे बारा काप, चाळीस सेकंद.
मोघेबाईंची बाही मनगटाशीच अडली.
डॉक्टर मंडलोई खाली तळघरात आले,
आयुष्यात पहिल्यांदा,
आणि म्हणाले, "वा भिया."

नवतप्याच्या चौथ्या रात्री ट्रान्सफॉर्मर गेला.
यूपीएस एकदाच बारीक कण्हला.
त्याच्या बॅटरीचा अर्ज मार्चपासून टेबलावर होता.
सकाळी सर्व्हर उठला, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.
फोल्डर जागेवर, नावं ओळीनं,
शेवटच्या सत्तेचाळीस नावांपुढे
आकार: शून्य.
वरच्या मशीननं पोच खिशात घालून
आपली प्रत केव्हाच पुसली होती.
नियमाप्रमाणेच वागलं ते.

रामकुंवरबाई, देपालपूर, वय एकसष्ट.
फोन मी केला. तो माझाच होता करायचा.
मुलगा म्हणाला, "पर साब, आप लोगों ने ही तो कहा था
कि हो गया."

पुन्हा बस, पुन्हा उपाशी पोट,
पुन्हा नसेत ते गरम औषध.
तोवर शब्द मी जुन्या जागी ठेवला होता.
अकराच्या अकरा मिनिटं काचेपाशी उभा राहिलो,
हिरवा दिवा एकेक काप मोजत होता.
बाहेर येताना पदर सारखा करत बाई म्हणाल्या,
"अबके लिखई गयो नी?"
माझ्या तोंडाशी 'हो' तयारच होता.
तो गिळला. खाली जाऊन
शेवटची फाइल उघडून पाहिली,
वर आलो, मग म्हटलं.

घरीही मंजिरी सांगत असते, आणि मी
तिचं वाक्य संपायच्या आत हो, हो.
"काय म्हणाले मी?"
नावं ओळीनं, आकार शून्य.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, त्यात एक शब्द पुरला नाही.
चिमूट चिमूट पाठवणं बंद केलं, पोत्यानं पाठवू लागलो.
एकामागून एक पोती, मधे न विचारता.
सगळ्यात शेवटी एकच प्रश्न: उतरलं सगळं?
सर्व्हरमध्ये एक कार्ड बसवलं, तळहाताएवढं,
स्वतःची इवली बॅटरी असलेलं.
दिवे गेले तरी ऐकलेलं मुठीत धरून ठेवतं,
आणि उजाडलं की आधी ते लिहून काढतं.
डॉक्टरांची सही यायला तीन आठवडे लागले.
यूपीएसचा अर्ज त्याच कागदाला टाचून दिला.

आता दीड मिनिट लागतं.
चाळीस सेकंद होत नाही. डॉक्टर अधूनमधून
ते चाळीस सेकंद आठवतात, मोठ्यानं.
मी ऐकून घेतो. पोच देत नाही.

दीड मिनिटात जेमतेम एक ओळ होते, तीही अर्धीच.
मोघेबाईंनी दुसरी बाही घातलीय सुयांवर.
थंडीपर्यंत होईल म्हणतात.